पान एकशे बारावरचा प्रश्न

कुवाबारा फुसाए हे नाव तुम्ही कुठेही वाचलेलं नाही. हमी देतो. बत्तीस वर्षांत चारशेच्या आसपास पुस्तकं या बाईंच्या हाताखालून गेली, त्यातली दहा-बारा तरी तुमच्या घरात असतील, पण नाव शोधायला जाऊ नका. आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लेखक असतो, प्रकाशक असतो, मुखपृष्ठवाला असतो, छापखाना असतो, बांधणीवालासुद्धा असतो. घरी बसून प्रुफं वाचणारा बाहेरचा माणूस तेवढा नसतो. चूक निघाली की मात्र सगळ्यात आधी त्याचं नाव आठवतं. असला हा धंदा.

मी तोगाशी. तोक्योत जिम्बोचोला, जुन्या पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत आमची प्रकाशन संस्था होती. तिथे मी चौतीस वर्षं संपादक म्हणून काढली. संपादक म्हणजे लेखकाची हांजी हांजी करणारा, छापखान्याशी भांडणारा आणि बाहेरच्यांकडून कामं करून घेणारा माणूस. माझ्याबद्दल फार बरं मत करून घेऊ नका. पुढे जाल तसं ते उतरणारच आहे.

आमच्या कामातली एक रीत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. छापखान्याने केलेली चूक दिसली, तर मुद्रितशोधकाने ती लाल शाईने सरळ दुरुस्त करायची. पण लेखकाच्या मजकुरात काही खटकलं, तर त्याला हात लावायचा नाही. समासात पेन्सिलीने, हलक्या हाताने, प्रश्न लिहायचा. प्रश्नच. 'हे चूक आहे' असं म्हणायची बिशाद नाही. 'असं तर नसेल ना?' एवढंच. मग प्रुफं संपादकाकडे येतात. लेखकापुढे न्यायच्या लायकीचे प्रश्न तो ठेवतो, बाकीचे खोडरबराने पुसतो. लेखकाचं डोकं उगाच फिरायला नको ना! उरलेल्या प्रश्नांना लेखक हो किंवा नाही म्हणतो आणि काम झालं की तेही पुसले जातात. चांगल्या मुद्रितशोधकाची पेन्सिल इतकी हलकी असते की पुसल्यावर कागदावर वळसुद्धा राहत नाही. कुवाबाराबाईंची तशी होती.

त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा पस्तिशीच्या असतील. बुटक्या, सडपातळ, राखाडी स्वेटर, आणि प्रुफांचा गठ्ठा निळ्या कापडात गाठ मारून आणलेला. टपालाने पाठवला असता तर चाललं असतं, पण बाई गठ्ठा कोणाच्या हातात द्यायच्या नाहीत. मी त्यांना एक खूनप्रकरणाची कादंबरी दिली होती. परत आली तेव्हा समासात चाळीस प्रश्न. एक होता, 'खुनाच्या रात्री पूर्ण चंद्र आहे. त्या साली त्या तारखेला अमावास्या दोन दिवसांवर होती. असं तर नसेल ना?' दुसरा होता, 'पान चाळीसपासून नायिकेच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी. पान त्रेपन्नवर तिने मूल उचललं. छत्री कुठे ठेवली असेल?'

मला हसू आवरेना. "कुवाबाराबाई, वाचकाला चंद्राशी काय देणंघेणं?"

"एखाद्याला असतं."

"कोणाला?"

"ज्याला असतं त्याला," म्हणाल्या, आणि समोरचा चहा शांतपणे संपवला.

लेखक बिचारा भला होता. छत्रीचा प्रश्न वाचून त्याने कपाळावर हात मारला आणि छत्री दारात टेकवून ठेवली. चंद्र मात्र तसाच राहिला. पुस्तक आल्यावर एका निवृत्त शाळामास्तराचं पत्र आलं, त्या रात्री चंद्र नव्हता हो म्हणून. मी ते बाईंना दाखवलं. 'बघा, मी म्हटलं होतं' असं काही त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मास्तरांचं अक्षर सुरेख आहे."

बाईंचे वडील उशिगोमेच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे वेचायचे. शिशाचे खिळे वेचून वेचून त्यांची बोटं काळीनिळी झाली होती आणि ती अंघोळीनेही उजळायची नाहीत. घरात वाचायला म्हणून कागद यायचा तो छापखान्यातल्या रद्दीचा, अर्धवट छापलेला, उलटा छापलेला. बाई त्यावर वाचायला शिकल्या. म्हणजे पहिल्या दिवसापासून यांचं वाचन चुकीच्या कागदांवरच झालं, असं मी एकदा थट्टेने म्हटलं तर म्हणाल्या, "म्हणून तर बरोबर कागद आला की मला संशय येतो."

लग्न झालं नाही. त्याची गोष्ट त्यांनी स्वतःच मला सांगितली, तीही अशा सरळ चेहऱ्याने की हसावं की नाही कळेना. आमच्याकडे स्थळ आलं की मुलाची माहिती सुवाच्य अक्षरात लिहून मध्यस्थ घेऊन येतात. शिक्षण, नोकरी, छंद, घरची माणसं. बाईंच्या आईने तो कागद मुलीपुढे ठेवला आणि म्हणाली, बघून घे. बाईंनी बघितला. समासात पेन्सिलीने लिहिलं, 'पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये दोन वर्षं रिकामी. असं तर नसेल ना?' आणि कागद परत केला.

"अहो, पुसायचं तरी!" मी म्हटलं.

"पुसायचं काम माझं नाही. संपादकाचं."

"मग?"

"मध्यस्थीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्या दोन वर्षांत त्याचं एक लग्न होऊन मोडलेलं होतं, हे पुढे सगळ्यांना कळलंच." मग म्हणाल्या, "माणूस वाईट नसावा. खरं लिहिलं असतं तर मी केलंही असतं."

त्यानंतर स्थळं आली नाहीत. आई अंथरुणाला खिळली, बाईंनी बाहेरची कामं घरी आणून करायला सुरुवात केली आणि आई गेल्यावरही तेच चालू राहिलं. जुजोच्या बाजारामागे दोन खोल्या. बुटकं टेबल, चार कोश, रेल्वेची जुनी वेळापत्रकं, आणि शेजारी मुळ्याच्या लोणच्याची वाटी. प्रत्येक पुस्तक तीनदा वाचायच्या. एकदा अक्षरांसाठी, एकदा खऱ्याखोट्यासाठी, एकदा मोठ्याने. नोकरी कुठेच नव्हती. आमच्यासकट पाच प्रकाशन संस्था होत्या, त्या कामं द्यायच्या. आजारी पडलं तर काम नाही आणि काम नाही तर कोणी विचारणारही नाही. बाईंची तक्रार नसायची. वाचायला मिळतंय ना, म्हणायच्या.

आता उशिओदा सेन्सेईंकडे येतो.

आमच्याकडे मोठ्या लेखकाला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात; आणि उशिओदा सेन्सेई म्हणजे तर आमच्या संस्थेचं दैवतच. त्यांच्या पुस्तकांवर आमची निम्मी कचेरी चालायची. आणि राग! मागे एकदा एका तरुण मुद्रितशोधकाने त्यांच्या प्रुफांवर बरेच प्रश्न काढले होते. आम्ही एका उपाहारगृहात बसलो होतो; सेन्सेईंनी तो गठ्ठा टेबलावरून असा भिरकावला की कागद स्वयंपाकघरापर्यंत गेले. "मला शिकवायला माणसं ठेवलीत का?" आमचे संचालक इवाकिरीसाहेब गुडघ्यांवर बसून कागद गोळा करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून बजावलं, "तोगाशी, यापुढे सेन्सेईंच्या प्रुफांवर पेन्सिल दिसता कामा नये. अगदीच गरज असेल तर दोन-चार ठिकाणी. समजलं?" मला समजलं. मला असलं फार लवकर समजायचं.

सेन्सेईंनी साठी उलटल्यावर बालपणाच्या आठवणी लिहिल्या. पश्चिम किनाऱ्यावरचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. गावाचं नाव मी लिहीत नाही, एकदा छापून झालं तेवढं पुरे. तिथे महायुद्धानंतर चार वर्षांनी हिवाळ्यात एका सरायीला आग लागली, अकरा माणसं गेली. पान एकशे बारावर सेन्सेईंनी लिहिलं होतं की त्या सरायीची एकोणीस वर्षांची मोलकरीण चुलीपाशी डुलक्या काढत बसली आणि विस्तव पसरला. मोलकरणीचं नाव होतं, आडनावासकट. मी तिला इथे किनु म्हणतो.

पहिली प्रुफं कुवाबाराबाईंकडून आली. सव्वीस प्रश्न होते. पान एकशे बाराचा समास वरपासून खालपर्यंत भरलेला. 'त्या वेळच्या स्थानिक वृत्तपत्रात आगीचं कारण अज्ञात म्हटलं आहे. तीन दिवसांनंतरच्या अंकात, किनु ही मोलकरीण आदल्या दिवसापासून रजेवर स्वतःच्या घरी होती, असं पोलिसांच्या हवाल्याने दिलं आहे. अंकांच्या नकला सोबत. व्यक्ती हयात असू शकते. सेन्सेईंना विचारावं का?' त्या जुन्या अंकांसाठी बाई दोन दिवस संसदेच्या ग्रंथालयात जाऊन बसल्या होत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत होतं. मी तो प्रश्न नीट वाचला. समजला नाही असं म्हणायची सोयच नाही. मनात म्हटलं, पन्नास वर्षांपूर्वीची मोलकरीण. कोण वाचतंय, कोणाला पडलीय. आणि हे सेन्सेईंसमोर ठेवायचं म्हणजे त्यांच्या आठवणीलाच खोटं म्हणायचं. माझी पाचावर धारण बसली. मी खोडरबर घेतलं. सव्वीसपैकी एकोणीस प्रश्न पुसले, त्यात हाही. रबराचा भुसा फुंकून टाकला, नकला खणात सारल्या आणि जेवायला गेलो.

पण प्रुफं दोनदा जातात. दुसऱ्या वेळेला बाईंनी पाहिलं, वाक्य जसंच्या तसं. त्यांनी पुन्हा लिहिलं, 'मागच्या वेळी विचारलं होतं. उत्तर दिसलं नाही. पुन्हा विचारावं का?' मी पुन्हा पुसलं. दुसऱ्यांदा फार विचारही करावा लागला नाही, हेही सांगून टाकतो.

दोन दिवसांनी बाईंचा फोन. असा फोन त्या कधी करत नसत.

"तोगाशीसाहेब, पान एकशे बारा. सेन्सेईंनी पाहिलं ना?"

"पाहिलं. तसंच ठेवा म्हणाले."

"बरं. त्यांनी पाहिलंय तर ठीक," म्हणाल्या आणि फोन ठेवला. लेखकाने ठरवलं की मुद्रितशोधकाचं तोंड बंद. हीही रीतच.

पुस्तक आलं, गाजलं, त्याला बक्षीस मिळालं. सहा महिन्यांनी एक पत्र आलं. किनुच्या मुलीचं. किनु जिवंत होती, एकोणसत्तर वर्षांची, त्याच गावात. सकाळच्या बाजारात सुके मासे विकायची. पत्रात आरडाओरडा नव्हता. मुलीने लिहिलं होतं, पुस्तक गावातल्या ग्रंथालयात आलं, मग ते घराघरांतून फिरलं. आईच्या गाळ्यावर गिऱ्हाईक थांबेनासं झालं. शेजारचे गाळेवाले आपली टोपली हातभर लांब सरकवून बसू लागले. या वर्षी त्या आगीला पन्नास वर्षं झाली, देवळात मृतांसाठी प्रार्थना होती, तेव्हा दोघे जण घरी येऊन सांगून गेले की किनुआजींनी न आलेलं बरं. आई त्या दिवशी रजेवर होती. आपण हे कशाच्या आधाराने छापलं ते कृपया कळवावं.

कशाच्या आधाराने! आधार माझ्या खणात पडला होता, आणि तो दुसऱ्या बाजूचा होता.

सेन्सेई तेव्हा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होते. त्यांना त्रास द्यायचा नाही, असं इवाकिरीसाहेबांनी ठरवलं. सेन्सेईंच्या पत्नीला फोनवर सांगून पुढच्या आवृत्तीतून ते वाक्य काढायचं ठरलं. राहिला प्रश्न, खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं. लेखकाच्या फोडता येत नाही. कचेरीच्या फोडलं तर वर्तमानपत्रं येतात.

कुवाबाराबाईंना बोलावलं. सकाळचे अकरा. सभेच्या खोलीत आम्ही तिघं, समोर चहा, तांदळाच्या कडक पापडांची बशी, तिला कोणी हात लावला नाही. इवाकिरीसाहेबांनी पत्र वाचून दाखवलं. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. देवळाचा भाग आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"कुवाबाराबाई, एकच विचारतो," साहेब म्हणाले. "पान एकशे बारावर तुमचा काही प्रश्न होता का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता यायचं नाही, कारण मी माझ्या चहात पाहत होतो. चहात काय होतं? काही नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. 'होता' एवढाच. नोकरी गेली नसती, फार तर एक बढती गेली असती. मी मूग गिळून बसलो.

"नव्हता," बाई म्हणाल्या. "माझ्या नजरेतून सुटलं. माफ करा." आणि कपाळ टेबलाला टेकेल इतक्या वाकल्या.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. नुसतं हायसं नाही, मला त्यांचं कौतुक वाटलं, ऊर भरून आला. बावीस वर्षांची ओळख आहे, माझी मुलगी कॉलेजात आहे हे त्यांना ठाऊक आहे, माझ्यासाठी बाईंनी एवढं केलं! संध्याकाळी मी बायकोला सांगितलंसुद्धा, "बघ, अशी माणसं असतात अजून."

बायको म्हणाली, "मग तुम्ही का नाही बोललात?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

किनुच्या मुलीला गेलेल्या माफीपत्राचा मसुदा मीच केला. भाषा चांगली आहे माझी. 'बाहेरील मुद्रितशोधकाच्या अनवधानाने चुकीचा मजकूर छापला गेला. आगीशी आपल्या मातोश्रींचा कोणताही संबंध नव्हता. सदर मुद्रितशोधकाकडून आम्ही यापुढे काम घेणार नाही.' खाली संस्थेचा लाल शिक्का.

आमचं जग लहान. महिन्याभरात सगळीकडे झालं. उरलेल्या चार संस्था बाईंना म्हणू लागल्या, सध्या काम कमी आहे हो, निघालं की कळवतो. काम कमी नव्हतं. सहा महिन्यांनी बाई जुजोच्या बाजारात एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर उभ्या राहिल्या. कपडे घ्यायचे, खिसे तपासायचे, डाग आधीचा असेल तर गिऱ्हाइकाला दाखवून लिहून ठेवायचा. वर्षाच्या सुरुवातीला मी त्यांना शुभेच्छांचं कार्ड पाठवायचो. त्याही पाठवायच्या. 'प्रकृती उत्तम. आपलीही असावी.' एवढंच. ते कार्ड मी कपाटावर मांडून ठेवायचो आणि आमच्यात सगळं ठीक आहे असं स्वतःला सांगायचो. निर्लज्जपणाला काही सीमा असते का?

तीन वर्षांनी त्या आठवणींची खिशात मावणारी स्वस्त आवृत्ती काढायची ठरली. प्रुफं घेऊन मी सेन्सेईंच्या घरी गेलो. डोळे बरे झाले होते, वयाने आवाज मऊ झाला होता. पान एकशे बारापाशी ते थांबले.

"इथे एक वाक्य होतं. मोलकरणीचं."

"काढलं, सेन्सेई. ते चुकीचं होतं असं कळलं." आणि मी किनुची हकिकत सांगितली, बाजार, देऊळ, सगळं. माझा भाग सोडून.

सेन्सेईंचा चेहरा उतरला. त्यांनी प्रुफं बाजूला ठेवली. मग म्हणाले, "अरे, मग मला तेव्हाच कोणी विचारलं का नाही? ते मी लहानपणी आजीकडून ऐकलेलं. मलाच खात्री नव्हती. लिहिताना वाटलं होतं, असेल काही खोटं तर तुमची माणसं विचारतीलच. नुसतं बोट ठेवलं असतं तरी मी काढून टाकलं असतं."

तुमची माणसं विचारतीलच! कशाला भ्यालो होतो मी? एका म्हाताऱ्याच्या भिरकावलेल्या कागदांना.

आणि त्याच आठवड्यात किनुच्या मुलीचं दुसरं पत्र आलं. नवी आवृत्ती निघतेय असं आम्ही तिला रीतसर कळवलं होतं. तिने लिहिलं होतं, आई फेब्रुवारीत वारली. तुमचं माफीपत्र तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाळ्यावर ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, बघा, त्यांची चूक होती, शिक्का आहे. पहिल्या वर्षी कोणी वाचलं नाही. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गाळेवालीने वाचलं आणि आपली टोपली परत जवळ आणली. शेवटच्या प्रार्थनेला आई देवळात गेली होती. त्या मुद्रितशोधकांवर तिचा राग नव्हता, हे त्यांना कळवता आलं तर कळवावं.

सेन्सेईंचं बोलणं आणि हे पत्र, दोन्ही घेऊन मी जुजोला गेलो. लॉन्ड्रीतून बाई दुपारच्या सुट्टीत बाहेर आल्या. केस पांढरे, बाकी तशाच. बाजारातल्या दुकानातून बटाट्याची दोन गरम कटलेटं घेतली, एक माझ्या हातात दिलं. आम्ही बाकावर बसलो. मी पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, सावकाश, बोट ओळीखाली धरून. मग घडी घालून परत दिलं.

"देवळात गेल्या म्हणजे," एवढंच म्हणाल्या.

मी सगळं ओकून टाकलं. पुसलेले दोन्ही प्रश्न, खणातल्या नकला, सेन्सेईंना न विचारता फोनवर मारलेली थाप, आणि सेन्सेई परवा काय म्हणाले ते. "कुवाबाराबाई, मी त्यांना विचारलंच नव्हतं."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"फोनवर तुम्ही फार पटकन उत्तर दिलंत. ज्याने खरोखर विचारलेलं असतं, तो सेन्सेई रागावले का, काय म्हणाले, ते सांगत बसतो. मी तेव्हाच तुमच्या कचेरीत यायला हवं होतं. आले नाही. लेखकाने पाहिलंय म्हटल्यावर पुढे विचारायचं नसतं, म्हणून गप्प बसले. तेवढी चूक माझी."

"आणि तरी त्या दिवशी तुम्ही मला वाचवलंत. मी जन्मभर..."

"तुम्हाला?" बाई माझ्याकडे वळल्या. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मग त्या हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. "तोगाशीसाहेब, तुम्हाला वाचवायला मी काय तुमची आई आहे?"

मी कटलेट हातात धरून बसलो.

"मी प्रश्न विचारला होता असं म्हटलं असतं, तर तुमच्या पत्रात काय आलं असतं? आम्हाला दोनदा सांगितलं होतं, तरी आम्ही छापलं. ते पत्र त्या बाईने गावात कोणाला दाखवायचं? चूक झाली म्हटलं की गाव म्हणतं, चूक होती, सुटला विषय. माहीत असून छापलं म्हटलं की गाव काय म्हणतं? एवढी शिकलेली मोठी माणसं उगाच छापतील का, काहीतरी असणारच. तिला चूक कबूल करणारा कागद हवा होता. शिक्का मारलेला. तो मिळवून देणं माझ्या हातात होतं, म्हणून दिला. तुमचा विचार मी केलाच नव्हता हो."

तीन वर्षं मी जी समजूत उराशी धरून बसलो होतो, ती त्या बाकावर संपली. माझा विचारच केला नव्हता! मला काय वाटलं सांगू? लाज वाटायला हवी होती. मला अपमान वाटला.

लॉन्ड्रीतून कोणीतरी त्यांना हाक मारली. बाईंनी हाताने 'आले' अशी खूण केली आणि उठल्या. एप्रनवरचे कण झटकले. आणि मग पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं.

"आता त्या बाई नाहीत. त्यांच्या गावाला काही कळवू नका, त्यांचा कागद आहे तसा राहू दे. पण इवाकिरीसाहेबांना तेवढं खरं सांगा. आणि त्या चार ठिकाणी. मला पुन्हा काम करायचंय, तोगाशीसाहेब. डोळे अजून चांगले आहेत. इथे दिवसभर उभी असते ना, गिऱ्हाइकांच्या खिशातल्या पावत्या निघतात, त्या वाचते. दुसरं काही वाचायला नसतं." त्या जरा वाकल्या. "सांगाल ना?"

"हो," मी म्हटलं. "उद्याच सांगतो."

त्यानंतर बाई सहा वर्षं जगल्या, त्याच काउंटरवर. मी तोंड उघडतोय ते आज.